कोंडवाड्याची पावती

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलीला नाही, थोरल्या भावाला तर नाहीच. एका बाईला सांगितलं, तेही दोन खेपांत — पहिल्या खेपेला अर्धं, आणि त्या अर्ध्यातही खोटं मिसळून. ते पुढं येईलच. तुम्ही मला ओळखत नाही, त्यामुळं तुमच्याशी बोलणं सोपं जाईल असं वाटलं होतं. लिहायला बसल्यावर कळलं, तसं काही नसतं. तरी आता मागं फिरायचं नाही, एवढं ठरवून बसलोय.

मी फौजेत अठ्ठावीस वर्षं काढली, पण बंदुकीपेक्षा कागदच जास्त हाताळले. क्लार्क होतो. जवान भरती झाला की त्याचं नाव, बापाचं नाव, गाव, वारस — सगळं माझ्या हातून जायचं. आणि तो गेला, तर त्याच कागदावरून त्याच्या घरी पुढचं सगळं ठरायचं. नावातली एक वेलांटी चुकली म्हणून एक म्हातारी आई दोन वर्षं हेलपाटे घालताना मी पाहिलीय. तिचं काम मी स्वतः पाठपुरावा करून मार्गी लावलं होतं, आणि त्याचा मला अभिमान होता. हे का सांगतोय? कागदावर नाव असणं म्हणजे काय, हे मला कळत नव्हतं असं पुढं कुठं वाटायला नको म्हणून. मला चांगलं कळत होतं.

सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि साताऱ्यात घर बांधून राहिलो. आमचं मूळ गाव कराडच्या पुढं, कृष्णाकाठी. शेती थोरला भाऊ अण्णा बघतो. मला काही उद्योग नव्हता. माझ्यासारखे निवृत्त लोक साताऱ्यात गल्लोगल्ली आहेत — सकाळी फिरायला जातात, मग पेपर वाचतात, मग जेवणाची वाट बघतात. मला ते जमेना. एका रविवारी मोडीचा वर्ग सुरू असल्याचं कळलं, जाऊन बसलो. आधी कागदभर रेघ ओढायची आणि मग तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं, हे मला फार आवडलं. शब्दांत जागा सोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ बघत नाहीत. जुना कागद आधी नुसता किड्यामुंग्यांची रांग वाटतो, आणि मग एखाद्या दिवशी त्यातनं माणूस बोलायला लागतो. दोन वर्षांत मी चांगला तयार झालो. लोक कागद घेऊन घरी यायला लागले. कुणाला पणजोबाचं नाव हवं असायचं, कुणाला कुळाची नोंद, कुणाला नुसतंच आपण कुठले ते कळायला हवं असायचं. मी कुणाकडून काही घेत नव्हतो. ‘सुभेदार वाचून देतील’ असं लोक म्हणायचे, तेवढं मला पुरायचं.

त्याच सुमारास अण्णानं गावी भावकी जमवून ठरवलं, की कुलदैवताच्या देवळाचा जीर्णोद्धार करायचा आणि भिंतीत काळ्या दगडावर घराण्याची वंशावळ कोरून बसवायची. काम अर्थातच माझ्याकडं आलं. शाळेची रजिस्टरं, गावच्या जन्ममृत्यूच्या वह्या, घरातले रुमालात बांधलेले कागद — सगळं मी धुंडाळलं. शिवाय आमच्याकडं हेळवी येतात. कर्नाटकातनं येतात, पिढ्यान्‌पिढ्या एकेका घराण्याची वंशावळ त्यांच्या चोपडीत लिहिलेली असते, आणि दाराशी बसून ती ते वाचून दाखवतात. त्या साली आला त्यानं वाचलं — आमचा पणजोबा राणोजी, त्याला बायका दोन. धाकटीपासून आमचा आजा. थोरली तुळसा. तुळसाच्या पुढं चोपडीत काहीच नव्हतं.

मी अण्णाला विचारलं, तर तो म्हणाला, ‘‘मेली आसंल लवकर. तवा बाया काय जगायच्या?’’ आणि मी मान डोलावली. तुळसा, पहिली बायको, निपुत्रिक — असं मीच माझ्या वहीत लिहिलं. कुणी सांगितलं होतं निपुत्रिक? कुणीच नाही. पुढं काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून पुढं काही नव्हतं असं मी धरलं.

आता त्या दिवसाकडं येतो. टाळत होतो, हे तुमच्याही लक्षात आलं असेल.

दगड कोरून तयार झाला होता. देवळाचा कार्यक्रम आठ दिवसांवर होता. उन्हाळ्यातली सकाळ, दहाचा सुमार. माझा फौजेतला एक दोस्त, तासगावकडचा, निवृत्त हवालदार — तो त्याच्या गावच्या एका म्हाताऱ्याला घेऊन आला. बापू नाव. ऐंशीच्या आसपास असतील. धुवट धोतर, डोक्याला टोपी, अंगानं काटकुळे पण बसायची ढब ताठ. दोन एस्ट्या बदलून आले होते. येताना पिशवीत बेदाणे आणले होते, ते माझ्या बायकोच्या हातात दिले. मग बंडीच्या आतल्या खिशातनं एक पत्र्याची चपटी डबी काढली. डबीत जुन्या लुगड्याचा तुकडा, आणि त्यात चार घड्या घातलेला कागद.

बापू फार बोलणारे नव्हते. जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं.

‘‘आमच्या आजीनं मरताना बाच्या हातात दिला. म्हणली, ह्यो जपा, ह्यात तुमचं नाव हाय. बानं मला दिला. वाचणारा कोण गावला न्हाई.’’

आजी कुठली, असं मी सहज विचारलं. विचारायची सवय असते.

‘‘वरल्या अंगाची, कृष्णाकाठची. गावाचं नाव तिनं कवा तोंडातनं काढलं न्हाई. तान्हं पोर कडंवर घिऊन माह्येराला आली, ती तितंच ऱ्हायली. ते पोर म्हंजी माझा बा. आजीचं नाव तुळसा. आमच्या घराला गावात तुळशीचं म्हणत्यात. ऐकायला ग्वाड हाय. पर म्हणणाऱ्याच्या तोंडाकडं बघितलं की कळतं, कसं म्हणतोय.’’

तुळसा नाव ऐकून मला काही झालं का? खरं सांगतो, नाही. तुळसा काय, घरोघर असायच्या. मी चष्मा पुसला आणि कागद उलगडला.

पहिल्याच ओळीत आमच्या गावाचं नाव होतं.

दुसऱ्या ओळीत राणोजी, त्याच्या बापाचं नाव, वय, धंदा शेती. मामलेदारापुढं दिलेल्या जबानीची नक्कल होती ती. तुळसानं अर्ज केला होता की नवऱ्यानं मला हाकललं आणि दुसरी केली, पोराचं नाव बुडवू नये. त्यावर राणोजीची जबानी. अक्षर स्वच्छ, बोरूचं, एका लयीत लिहिलेलं. मी वाचलं — ‘तुळसा ही माझे लग्नाची बायको आहे. मुलगा गणपती हा माझेपासून झालेला आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. माझे आईशी तिचे पटत नाही सबब तीस माहेरी ठेविले आहे. मुलगा जाणता झालेवर त्यास घरी आणीन.’ खाली सहीच्या जागी निशाणी नांगराची. आमच्या घरातल्या रुमालातल्या कागदांवर राणोजीची हीच निशाणी मी किती वेळा बघितली होती.

वाचायला मला दहा मिनिटं लागली असतील. एकही अक्षर अडलं नाही. दहा मिनिटं बापू माझ्या तोंडाकडं बघत होते — कागदाकडं नाही, माझ्या तोंडाकडं. हवालदार पंख्याखाली टेकून बसला होता.

समोर बसलेला माणूस माझा चुलता लागत होता. माझ्या बापाचा चुलतभाऊ. त्याचा बाप राणोजीचा थोरला मुलगा, आमचा आजा धाकटा. त्या माणसाला ऐंशी वर्षांनंतर हवी असलेली एकच गोष्ट माझ्या हातात होती, आणि ती त्याला वाचून दाखवायला उभ्या महाराष्ट्रात त्या क्षणी माझ्याइतका योग्य माणूस नव्हता.

मी चष्मा काढला आणि म्हणालो, ‘‘बापू, ही कोंडवाड्याची पावती आहे.’’

त्यांना कळलं नसेल असं वाटून मी पुढं बोललो — बोलत गेलो. कुणाची तरी म्हैस दुसऱ्याच्या रानात शिरली, ती कोंडवाड्यात घातली, तिथनं सोडवून नेल्याची ही पावती. म्हैस मला कुठनं सुचली? आदल्याच आठवड्यात एका माणसाला तसली पावती वाचून दिली होती. ती तयारच होती जिभेवर.

‘‘म्हशीची?’’ बापू म्हणाले.

‘‘हो.’’

‘‘परत येकदा बघा की, सुभेदारसाहेब. नाव न्हाई का कुठं? तुळसा, नायतर गणपती?’’

आणि मी परत बघितलं. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. पहिल्यांदा तोंडातनं निसटलं असं म्हणता आलं असतं. पण मी उठलो, आत जाऊन भिंग आणलं, भिंगाखाली कागद धरला, ओळीवरनं ओळीवर बोट फिरवलं — माझं बोट गणपतीच्या नावावरनं गेलं, तुळसाच्या नावावरनं गेलं — आणि म्हणालो, ‘‘नाही बापू. म्हशीचीच आहे.’’

हवालदार हसला. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मग बापूही हसले, थोडंसं. म्हणाले, ‘‘म्हंजी म्हातारीनं जलमभर म्हस जपली म्हणायची.’’

त्यांनी डबी मिटली. लुगड्याचा तुकडा घडी करून खिशात ठेवला. कागद मात्र घेतला नाही. ‘‘ठेवा तुमालाच. वर्गातल्या पोरांस्नी शिकवायला हुईल,’’ म्हणाले. मी नको म्हणालो नाही. रिक्षापर्यंत पोचवायला गेलो. रिक्षात बसताना त्यांनी मला हात जोडले, आणि मी तो नमस्कार घेतला.

का केलं? नऊ वर्षं हा प्रश्न मी स्वतःला विचारतोय, आणि दर वेळी जरा बरं दिसणारं उत्तर सापडतं, म्हणून मी त्या उत्तरांवर विश्वास ठेवत नाही. जमिनीची भीती? बापूंनी येताक्षणीच सांगितलं होतं, मला रान नको, काय नको, मरायच्या आधी नाव पायजे. अण्णाची भीती? असेल थोडी. पण मला वाटतं, ते त्याहून हलकं होतं. दगड तयार झाला होता. त्यावरची वंशावळ मी लावली होती, दोन वर्षं खपून, आणि ती चुकीची निघत होती. गावात माझं कौतुक व्हायचं ते आठ दिवसांवर आलं होतं. राणोजी हे आमच्या घराण्यातलं मोठं नाव, देवळाची जागा त्यानं दिलेली, आणि त्याच्या तान्ह्या पोराची गोष्ट त्याच देवळात माझ्या तोंडून निघणार होती. म्हणजे काय — मला अवघडल्यासारखं झालं असतं. एवढंच. मी एका माणसाचा बाप, आजा, पणजा सगळे एका दमात पुसले ते मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

आठ दिवसांनी देवळात कार्यक्रम झाला. माइकवरून वंशावळ मीच वाचली. राणोजीच्या खाली एकच रेघ होती. आवाज कुठंही कापला नाही.

पुढची आठ-नऊ वर्षं तो कागद माझ्या कपाटात, फौजेतनं सुटताना मिळालेल्या डिस्चार्ज बुकाच्या पानांत होता. हवालदाराचा नंबर माझ्याकडं होता. दर दिवाळीला त्याचा फोन यायचा. ‘बापू कसे आहेत?’ मी विचारायचो. ‘हायत की, टकाटक,’ तो म्हणायचा. प्रत्येक वेळी तोंडाशी यायचं आणि मी पीकपाण्याचं विचारायचो. मोडीचे कागद वाचणं मात्र मी थांबवलं नाही. उलट जास्तच वाचायला लागलो. शिरवळपासून मिरजेपर्यंतचे लोक यायचे. मी एकही अक्षर चुकीचं वाचलं नाही कुणाचं. त्यानं काही फिटतं असं वाटत होतं की काय, कोण जाणे. मला तरी त्याचा उपयोग झाला नाही, आणि बापूंना तर नाहीच नाही.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस हवालदाराचा फोन आला. दिवाळी नव्हती. बापू गेले होते. झोपेत गेले, त्रास झाला नाही म्हणाला. माझ्या हातात चहा होता, तो मी खाली ठेवला आणि कपाट उघडलं. आणि त्या दिवशी ठरवलं, की जायचं. दिवसकार्य उरकू दिलं आणि गेलो.

बापूंना एकच मुलगी, शालन. नवरा वारल्यावर बापाकडंच राहायला आलेली, पंचावन्नच्या घरात. बेदाण्याच्या शेडवर काम करते. बेदाणा वाळला की निवडावा लागतो, काड्या-देठ काढावे लागतात, रंगाप्रमाणं वेगळा करावा लागतो. ती तिथंच भेटली, बाकीच्या बायांपासून जरा बाजूला येऊन बसली. बापाला ओळखणारा माणूस साताऱ्याहून आला म्हणून तिला बरं वाटलं. आणि मी तोंड उघडायच्या आत ती बोलायला लागली.

बापू त्या दिवशी घरी आले ते हसत आले, म्हणाली. दारातनंच सांगितलं, आपली आजी म्हशीची पावती जपत बसली हुती. गावात ज्याला त्याला सांगितलं. ‘‘पर त्या साली पितरं आली, तर बापूनं आजीचं पान मांडू दिलं न्हाई.’’ सर्वपित्रीला दर वर्षी सगळ्यांच्या आधी तुळसाचं पान मांडायची त्यांच्याकडं रीत. ‘‘म्हणलं, खोटं बोलली म्हातारी. बाला खोटं सांगितलं, बानं मला सांगितलं. आमाला बाप नव्हता, आन्‌ ती नाव हाय म्हणत ऱ्हायली. त्या दिसापास्नं तिचं नाव घेतलं न्हाई त्येंनी. मरताना बी न्हाई.’’

हे ऐकलं आणि मी काय केलं असेल?

मी कागद काढला. तिला वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून शेवटच्या निशाणीपर्यंत, बरोबर. राणोजी कोण, माझा कोण, सगळं सांगितलं. तिनं दोनदा वाचायला लावला. ‘लग्नाची बायको आहे’ या शब्दांशी तिनं मला थांबवलं आणि कागदावर ते नेमके कुठं लिहिलेत ते विचारलं. मी बोट ठेवलं. तिनं तिथं आपलं बोट ठेवलं. आणि मग तिनं विचारलं, जे कुणीही विचारलं असतं — ‘‘मग तवा म्हशीची म्हणला ते?’’

ठरवून गेलो होतो. सातारा ते तासगाव, सगळ्या वाटेनं ती वाक्यं घोकली होती. आणि मी म्हणालो, ‘‘तेव्हा मी नवशिका होतो, शालन. मोडी अवघड असतं. वाचायला चुकलो. परवा कपाट आवरताना हातात आला, आणि बघतो तर हे.’’

ती रडली. मला वाटलं आता शिव्या देईल. तिनं माझे पाय धरले. ‘‘चुकतं माणसाचं. पर तुमी टाकून न्हाई दिला, शोधत आला,’’ म्हणाली. त्या दिवसापासून ती मला दादा म्हणायला लागली.

साताऱ्याला न जाता मी तसाच गावी अण्णाकडं गेलो. त्यालाही तेच सांगितलं, नवशिका होतो. तो ओसरीवर बसून ऐकत होता. माझी अपेक्षा होती की चिडेल, घराण्याची अब्रू काढली म्हणेल. नऊ वर्षं मी ज्या अण्णाला घाबरत होतो तो हाच. त्यानं सगळं ऐकलं आणि म्हणाला, ‘‘आरं, म्हंजी बापू आपला चुलता हुता की. मला येकदा बघायला तरी गावला आसता.’’ मग उठून पाथरवटाला फोन लावला.

म्हणजे बघा. कुणीच आड येणार नव्हतं. अण्णा नाही, भावकी नाही. आमच्या गावात नऊ वर्षांपूर्वी कार्यक्रमाला लोक देवळात जमले होते, त्यांनीच बापूंना हाताला धरून दगडापाशी नेलं असतं. आड फक्त मी होतो. माझ्याकडं दुसऱ्या कुणाकडं बोट दाखवायला जागाच राहिली नाही, आणि ते बरं झालं.

दगडावर राणोजीच्या खाली दुसरी रेघ निघाली. तुळसा. गणपती. बापू. शालन. नावं बसवायला जागा कमी पडली म्हणून जरा तिरकी आली आहेत, पण वाचता येतात. शालन आणि तिच्या गावचे पंधरावीस लोक टेम्पो करून आले. ज्यांच्या घरातनं ‘तुळशीचं’ म्हटलं जायचं, त्यातलेही काही होते. शालननं दगडाला हात लावला, नावांवरनं फिरवला. अण्णानं तिला साडी दिली, माहेरची म्हणून.

आणि मग त्यांनी माझा सत्कार केला. शाल घातली, नारळ दिला. शालन माइकपुढं उभी राहिली, जन्मात पहिल्यांदा असेल. म्हणाली, ‘‘दादानं नऊ वर्सांनी बी कागद सोडला न्हाई. दादा नसतं तर आमाला आमचं नाव गावलं नसतं.’’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी शाल खांद्यावर सावरली, आणि हात जोडून सगळ्यांचे नमस्कार घेतले.

मला नाव राखणाऱ्यांत बसवलं होतं, आणि मी नाव बुडवणारा होतो. राणोजीनं निदान मामलेदारापुढं खरं सांगितलं होतं. पोराला घरी आणीन म्हणाला आणि आणलं नाही, पण माझंच पोर आहे, एवढं तरी बोलला. मी तेवढंही बोललो नव्हतो, आणि वर शाल घेऊन आलो होतो.

त्यानंतर चार महिने शालन फोन करायची. दर रविवारी. दादा, जेवला का? दादा, वहिनीचा गुडघा कसा हाय? मी बोलायचो. प्रत्येक फोननंतर वाटायचं, की हे आता असंच चालून जाईल. कुणालाही कळणार नाही. कळायला मार्गच नव्हता — कागदावर सगळं बरोबर लागलं होतं. आणि एका सकाळी दाढी करताना मला कळलं, की मी हे चालू देणार आहे. मरेपर्यंत. तिचा दादा म्हणून मरणार आहे. त्यावर फार विचार केला नाही, केला असता तर परत काहीतरी सापडलं असतं. कपडे केले, बायकोला म्हणालो तासगावला जाऊन येतो, आणि पहिली मिळाली ती एस्टी धरली. कराडला गाडी बदलताना एकदा वाटलं, आधी अण्णाला सांगावं. पण अण्णा सांभाळून घेईल, काहीतरी समजूत घालेल, म्हणून नको म्हटलं. हे मी छापायला देणार आहे; अण्णाला ते छापून आल्यावर कळेल. कळू दे. भावकीलाही कळू दे, आणि ज्यांनी माझ्याकडनं कागद वाचून घेतले त्यांनाही. ज्याला शंका येईल त्यानं आपला कागद दुसऱ्याकडनं वाचून घ्यावा.

शेडवर शालन पाटीपुढं बसली होती. मला बघून उठली, शेडवरच्या एका बाईला चहा सांगितला, बसायला पोतं अंथरलं. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. नवशिका नव्हतो. चुकलो नव्हतो. भिंग आणलं होतं ते दाखवायला आणलं होतं. बापूंनी दोनदा विचारलं, मी दोनदा खोटं सांगितलं. तुला सांगितलं तेही खोटं. का, ते सांगायला लागलो, आणि थांबलो. तिनं ‘का’ असं विचारलंच नव्हतं.

ती खाली बसली. पाटीतले बेदाणे तिनं पुढं ओढले आणि निवडायला लागली. काडी काढायची, बाजूला टाकायची. काडी, बाजूला. चहा आला, तो तिनं माझ्यापुढं सरकवला नाही, की परतही पाठवला नाही.

मग मान वर न करता तिनं विचारलं, ‘‘बापू तुमच्या म्होरं बसलं हुतं, तवा तुमाला समदं वाचायला येत हुतं?’’

‘‘येत होतं.’’

‘‘आमी तुमचंच, ह्ये बी तवाच कळलं?’’

‘‘कळलं.’’

तिनं पाटीतला एक देठ काढला, बोटांत धरून ठेवला.

‘‘पावणेपाचला एस्टी हाय, सुभेदारसाहेब,’’ ती म्हणाली. ‘‘फाट्यावर थांबती.’’

तेव्हा चार वाजले होते. मी फाट्यापर्यंत चालत गेलो.